देवघरातलं जनावर

पूर्णेच्या फलाटावर गाडीची वाट पाहत होतो. मानवतच्या एका ओळखीच्या आडत्यानं पानाला चुना लावता लावता सांगितलं, "तुमचे त्र्यंबक मास्तर गेले की परवा." आणि तो कापसाच्या भावाकडे वळला. परभणीत पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं...

माझे जुने स्नेही त्र्यंबकराव शाळेत सृष्टिविज्ञान शिकवत, तेही सरकारी शिरस्त्याप्रमाणे उर्दूतून. त्यांच्या देवघरात वडिलांच्या वेळचा शाळिग्राम होता, एका बाजूनं फुटलेला. आत वळणावळणाचं चक्र दिसे. ते विष्णूचं चक्र नसून, समुद्रातल्या एका नामशेष प्राण्याच्या शंखाचा ठसा आहे, हे त्यांनी पुस्तकं धुंडाळून ठरवलं होतं. त्याच्या कुळाचं नावही काढलं होतं, पेरिस्फिंक्टीस. आता हे कुणाला तरी सांगायचं, एवढीच त्यांची हौस. परभणीत ती भागली नाही. शाळा तपासायला साहेब आले, तेव्हा मास्तर दगड घेऊन सकाळपासून उभे होते. कमान, अत्तर, गुलाबपाणी आणि शेरवान्यांची भाषणं संपेपर्यंत साहेबांची निघायची वेळ झाली. पेरिस्फिंक्टीस हे नाव ऐकून साहेब म्हणाले, "ये कौन सी फारसी है, मास्टर साब?" सगळे हसले. हेडमास्तर जरा जास्तच हसले. मास्तर दगड रुमालात गुंडाळून घरी आले.

घरी वहिनी. "तुमचं जनावर तुमाला, माझा देव मला. आंघोळ तेवढी घाला, म्हणजे झालं." बायकांनी शाळिग्रामाला शिवायचं नाही, म्हणून देव न मानणारा हा माणूस रोज सोवळं नेसून त्या जनावराला न्हाऊ घाली. वहिनी उंबऱ्याशी बसून पाहत. पाणी घालताना मास्तर सुरू करत, "हिमालय नव्हता तेव्हा तिथं समुद्र होता..." वहिनी म्हणत, "तुळस राहिली."

तेरावा झाल्यावर चुलतभावांनी विषय काढला. मूलबाळ नाही, पूजा करणार कोण? देव गंगाखेडला नेऊन गंगेत सोडू. भटजींनी मान डोलावली. वहिनी उठल्या आणि त्यांनी शाळिग्राम सरळ उचलून पदरात घेतला.

"वैनी, देवाला शिवू नका."

"देव कुठला? जनावर आहे ते. तुमचे भाऊ जन्मभर सांगत होते, तुमी ऐकलं न्हाई का?"

भटजींनी पंचांग मिटलं. मास्तरांचा शब्द त्यांच्या घरात पहिल्यांदा चालला, आणि ऐकायला मास्तर नव्हते. लोक म्हणतात, यात समाधान मानावं. मला जमत नाही.

मागच्या आठवड्यात गेलो, तर वहिनी स्वतःच त्याला पाणी घालत होत्या. ओला दगड माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "भावजी, ह्याचं तोंड कुठल्या बाजूला?"

मला सांगता येईना. ज्याला सांगता आलं असतं, त्याला हे कधी कुणी विचारलंच नाही.