एका माणसाचे पथक

१४ मार्चला पाणीबचत अंमलबजावणी पथकाच्या एका महिन्याच्या पगारापोटी अठरा हजार चारशे चाळीस रुपये मंजूर झाले. पथकाला बारा माणसे लागतील, असे मीच टिपणीत लिहिले होते. चार लाखांची वस्ती, धरण तळाला गेलेले, दोन पाळ्या, शिवाय रजा आणि आजारपण. वरून मंजुरी आली ती एका माणसाची. 'पथक' हा शब्द मात्र राहिला, कारण पाटी आधीच रंगवून झाली होती.

हा एक माणूस म्हणजे आमच्याकडचा मीटर वाचणारा. एकोणीस वर्षे रोजंदारीवर. हजेरीपत्रकात सकाळपाळीला त्याची सही, दुपारपाळीला त्याचीच, आणि खाली पथकप्रमुख म्हणून पुन्हा त्याचीच. महिन्याभरात ऑफिस त्याचे खरे नाव विसरले.

"पथक आलं का?"

"आलं होतं. चहाला गेलंय."

घरी बायकोही सोडत नसे. "अहो पथक, पोटभर जेवा. बारा जणांचं काम आहे."

माणूस सरळ. नळी लावून गाडी धुणाऱ्याची पावती फाडतानाही आधी "माफ करा हं" म्हणायचा. सख्ख्या मेव्हण्यालाही त्याने सोडले नाही. तेव्हापासून सासरची मंडळी त्याला पाण्यात पाहू लागली. बायकोने तसे सुनावले, तर म्हणाला, "पाण्यात बघायला त्यांनी पाणी आणलं कुठून, ते आधी विचार."

त्याला हवे होते ते एकच, नोकरीत कायम होणे. पंचेचाळिशी उलटली की आमच्या नियमाने कायम करता येत नाही, आणि येत्या जूनमध्ये त्याला पंचेचाळीस वर्षे पूर्ण होणार होती. फाइल उपायुक्तांच्या टेबलावर पडून होती.

मे महिन्यात पाहणीची पाळी आयुक्तांच्या बंगल्यावर आली. हिरवळीखालची नळी फुटलेली. वरून सगळे कोरडे, पाय ठेवला की घोट्यापर्यंत चिखल. त्याने जे पाहिले ते नोंदवहीत लिहिले : 'आयुक्त निवासात पाणी मुरत आहे.'

दुसऱ्या दिवशी उपायुक्तांनी त्याला बोलावले. नोंदवही माझ्या ताब्यात, म्हणून मलाही.

"कुठे पाणी मुरतंय?"

"हिरवळीत, साहेब. फाटकातून शिरलं की डाव्या हाताला."

"सरळ बोल. तुझा आरोप काय आहे?"

"आरोप नाही साहेब, नळी आहे. पाऊण इंची."

"अरे, उद्या हे बाहेर वाचलं तर लोक काय समजतील?"

"नळी फुटली, असं समजतील."

उपायुक्तांनी डोक्याला हात लावला. "हा शब्द बदल. नाहीतर तुझी फाइलही इथेच मुरेल."

तो घाबरला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "काका, दुसरा शब्द काय आहे हो?"

"मला काय विचारतोस? मी वाणिज्य शाखेचा."

शेवटी उपायुक्तांनीच मार्ग काढला. "वाहत आहे, असं लिही. पाणी काय, वाहतंच. त्यात कुणाला काही वाटत नाही." त्याने खोडून तसे लिहिले. शेजारी उपायुक्तांनी 'दुरुस्ती माझ्या आदेशाने' असा शेरा मारून सही केली, शिक्का मारला.

नियम सातवा मला पाठ आहे. वाहते पाणी आढळल्यास जागेच्या ताबेदाराला पाचशे रुपये दंड. मुरणाऱ्या पाण्याबद्दल नियम गप्प आहे. नोंद वाहत्या पाण्याची, तीही उपायुक्तांच्या सहीची. माझा इलाज नव्हता. संध्याकाळच्या आत मी आयुक्तांच्या नावे पावती फाडून बंगल्यावर पाठवली.

मग गहजब झाला. पावती रद्द करायची तर नोंद चुकीची म्हणावी लागणार, आणि नोंदीवर उपायुक्तांचा शिक्का. कुणी सुचवले, पथकालाच घरी बसवा. उपायुक्त ओरडले, "आणि लोकांना काय सांगू? त्याला काढलं तर सगळे म्हणतील, खरंच पाणी मुरतंय!"

राहिली बदली. पण आस्थापना शाखेने पुस्तक काढून दाखवले, की रोजंदारीवाल्याची बदली होत नाही. बदली होते ती फक्त कायम कर्मचाऱ्याची. तेव्हा २९ मे रोजी सकाळी अकरा वाजता त्याला कायम करण्यात आले आणि दुपारी तीन वाजता जन्म-मृत्यू नोंदणीत पाठवण्यात आले.

जाताना तो माझ्या खिडकीशी थांबला. दोन्ही आदेश घडी न घालता हातात धरले होते, शाई पुसू नये म्हणून.

"काका, त्या नळीचं काय?"

"तू आता जन्म-मृत्यूत आहेस बाबा."

"तसं नव्हे, पाणी जातंय ना."

पथकाची जागा सध्या रिक्त आहे. नळी तशीच आहे. दंडाचे पाचशे रुपये आयुक्तांकडून येणे आहेत.