आत्याची राणीछाप माळ

करणी, भूतबित, तळतळाट... असले विषय निघाले की मी चहाचा कप घेऊन उठून जाणारा माणूस. मेहकरला माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि छंद एकच — इंग्रजांच्या काळातले चांदीचे रुपये जमवायचे. चांदी खरी की खोटी, ते मी कानानं ठरवतो. अंगठ्यानं उडवला की रुपया खणखणला पाहिजे.

हे वेड लागलं बीबी गावच्या माझ्या आत्यामुळे. तिच्या गळ्यात राणीछाप रुपयांची माळ असायची, सासूनं घातलेली. आत्या चालली की माळ वाजायची.

गेल्या दिवाळीआधी सुधाकर नावाचा नाण्यांचा व्यापारी "पॉलिश करून देतो" म्हणून ती माळ घेऊन गेला. परत आणली ती चकचकीत. आत्यानं एक रुपया पाट्यावर आपटला... बद्द!

"हे माहे रुपये नाहीत बे."

"पुरावा हाये का, आत्या?" तो चक्क हसला.

"माहे रुपये माह्याशी बोलत होते. तुह्या हातात एक बी बोलनार नाही, पाहून घेजो."

माझं डोकं फिरलं होतं. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम त्याच्या दुकानात जाऊन बसलो. गिऱ्हाइकासमोर त्यानं रुपया उडवला. आवाजच नाही! दुसरा उडवला, तिसरा... तेच. गिऱ्हाइकानं तोच रुपया उचलून उडवला, तर खण्ण!

"काऊन हो, हातचलाखी करून राह्यले का?" म्हणत तो निघून गेला. सुधाकरचा चेहरा पाहून मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

बोभाटा झाला, गिऱ्हाईक फिरकेना. संक्रांतीच्या सुमारास तो खरी माळ घेऊन आत्याच्या दारात आला. आत्यानं ती गळ्यात घातली. वाजली!

"आत्या, माफ करा मले. शाप मागं घ्या."

"मी कोन शाप देनारी? रुपयायले इचार," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पुढे एकदा बालाजीच्या देवळात तो माझ्यापुढे उभा होता. त्यानं घंटा वाजवली. लोलक आपटताना मी स्वतः पाहिला... आवाज नाही. पुन्हा वाजवली, पुन्हा तेच.

हे कसं होतं, मला आजही सांगता येत नाही. सोनाराला विचारलं, फिजिक्सच्या सरांना विचारलं. दोघंही हसले.

सुधाकर अजून दर शनिवारी देवळात येतो, घंटेला हात न लावता आत जातो. मग मी त्याच्या मागं उभा राहून ती दणदणीत वाजवतो.