सातव्या खांबाचं कडं

शिरपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला, इंग्रज जंगलसाहेबाचा एक पडका बंगला होता. साठचं दशक सरत आलेलं. बंगला दुरुस्त करायचा की पाडून दगड विकायचे, हे पाहायला धुळ्याच्या बांधकाम कचेरीनं मला धाडलं. मी नवाकोरा ओव्हरसिअर, राग सदा नाकावर.

साहेबाला हा मुलूख कळलाच नसावा. खानदेशच्या उन्हात दिवाणखान्याला शेकोटी आणि धुरांडं! छपराला उतार असा, की इथं जसं काही बर्फच पडणार. मोठ्या खिडक्या सगळ्या पश्चिमेला, म्हणजे दुपारी आत भट्टी. पण काम मात्र चोख. हात हात जाड काळ्या दगडाच्या भिंती, आणि चुना असा चिवट, की पहार उसळून माझ्याच नडगीवर बसली. आतल्या सागाच्या तुळया कोसळल्या होत्या, तरी पुढची पडवी आठ खांबांवर कमानींसकट ताठ उभी होती. मी तिच्या प्रेमातच पडलो. ‘जतन करण्याजोगी’ असं अहवालात लिहूनही टाकलं.

सातव्या खांबात छातीच्या उंचीवर लोखंडी कडं होतं. नकाशात मी लिहिलं : घोडं बांधण्याचं कडं.

बंगल्याची राखण एक म्हातारा करायचा. त्याला सगळे आबा म्हणत. त्यानं नकाशावर बोट ठेवलं. “भाऊ, आठे काय लिखं?”

मी वाचून दाखवलं.

“घोडं नही, भाऊ. तठे मना बापले बांधेल व्हतं. बंगलाना कामले बठ्ठा गाव वेठले धरेल व्हता. मना बाप एक दिन उना नही. साहेबनी चाबूकघाई त्याले मारं. मी आठ वरीसना व्हतू. बठ्ठा गाव देखत व्हता.”

वेठीला एक दिवस आला नाही म्हणून सगळ्या गावादेखत चाबूक खाल्लेला तो बाप तिसऱ्या दिवशी मेला, हेही त्यानं सांगितलं. मग म्हणाला, “बंगला ऱ्हाऊ द्या. तो एक खांब माले पाडू द्या.”

एक खांब गेला तर कमानी एकमेकींना रेटतात आणि अख्खी पडवी खाली येते, हे मी त्याला वर्गात शिकवल्यासारखं समजावलं. वर म्हणालो, “झालं ते झालं, आबा. त्यात खांबाचा काय दोष?” हे वाक्य आठवलं की आजही माझी मला किळस येते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी घणाचे आवाज आले. धावत गेलो. आबा सातव्या खांबाच्या बुडावर घाव घालत होता, दगडांचे दोन सांधे फुटले होते. तळपायाची आग मस्तकात गेली. मी घण हिसकायला गेलो, त्यानं सोडला नाही. दांडा माझ्या कपाळावर लागला आणि मी त्याच्या तोंडात भडकावली. घण माझ्या हातात आला, तो पायरीवर आपटला. तरी उठायला लागला, म्हणून पुन्हा मारली. त्याच्या दाढीवरून रक्त गळत होतं.

“बांधून ठेवा याला!” मी आवाज ऐकून जमलेल्या माझ्या मजुरांवर ओरडलो आणि कपाळ धुवायला रांजणाकडे गेलो.

तोंड पुसून वळलो. मजुरांनी त्याला हाताशी होतं त्याच कड्याला बांधलं होतं. आबा ओरडत नव्हता, दोर ओढत नव्हता. खांबाला कपाळ टेकून, पाठ माझ्याकडे करून, मुकाट उभा होता. मार कसा खायचा हे त्यानं आठव्या वर्षी पाहिलं होतं. माझ्या हातात अजून घण होता.

 मी जाऊन त्याचे हात सोडवले. गाठ सुटेना, दातांनी सोडवली. “चूक झाली, आबा,” म्हणालो. 

कड्यातला दोर मात्र मी तसाच ठेवला. त्याला दुसरा लांब दोर जोडला आणि दगडाच्या गाडीचे बैल आणवले. कासरा मी धरणार होतो, पण आबानं माझा हात झिडकारला.

“तुम्ही नही,” तो म्हणाला.

त्यानंच बैल हाकले. कडं निघालं नाही, खांबच आला. पाठोपाठ कमानी, छप्पर, धुळीचा लोट. मजूर पळाले.

मी अहवाल फाडला आणि नवा लिहिला : इमारत धोकादायक, पाडावी. पडवी कशानं पडली, या रकान्यात माझं नाव लिहायचं धाडस मला झालं नाही.