वाच, लिही, झटक

स्वयंसेवी निरीक्षण केंद्र क्रमांक एकशे सत्तेचाळीस. स्थळ: धुलाई केंद्राची गच्ची. उपकरणे: झडपांची पांढरी पेटी एक, तापमापक दोन, पर्जन्यमापक एक. उपकरणांची स्थिती: समाधानकारक. निरीक्षक: स्त्री, वय बावन्न, शिक्षण दहावी, व्यवसाय धुलाई. सेवाकाल: तेवीस वर्षे. मानधन: निरंक. नोंदींतील खंड: निरंक. निरीक्षकाच्या स्वभावासाठी नमुन्यात रकाना नाही.

हवामान खात्याच्या दप्तरात एवढी माहिती आहे आणि तिच्यात खोटं असं काही नाही. फक्त या निरीक्षकाला सगळी गल्ली मावशी म्हणते, हे खात्याला ठाऊक नाही. वयाने दहा-दहा वर्षं मोठी माणसंही मावशीच म्हणतात, याबद्दल मावशींची जी तक्रार आहे, तीही दप्तरी दाखल नाही.

पेटी गच्चीवर आली ती सासऱ्यांच्या हौसेने. खात्याला उघडी, सपाट, चारी बाजूंनी वारा खेळणारी जागा हवी होती, आणि ज्याचं पोटच कपडे वाळण्यावर चालतं त्याच्या गच्चीवर दुसरं काय असणार? सासऱ्यांनी सतरा वर्षं नोंदी केल्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर त्यांनी वही मुलाकडे न देता सुनेकडे दिली. मुलाला त्यात अपमान वाटला नाही, सुटका वाटली.

शिकवणी एका संध्याकाळीच आटोपली. "पेटी उघडली की तीन कामं. वाच, लिही, झटक. याच क्रमाने. क्रम चुकला की संपलं."

तापाचा थर्मामीटर असतो तशातलाच हा प्रकार. दिवसभरात पारा जिथवर चढतो तिथेच अडकून बसतो. संध्याकाळी पाच वाजता आधी तो वाचायचा, मग वहीत लिहायचा आणि मगच नळी बाहेर काढून मनगटाचे तीन झटके देऊन पारा खाली उतरवायचा, उद्यासाठी. एकदा झटकला की तो दिवस गेला. कोणाकडे मागायला जायची सोय नाही.

"आणि दशांश नीट बघ, सूनबाई," सासरे म्हणाले होते. "अंश काय, कोणीही वाचतं."

सूनबाईंनी ते इतकं मनावर घेतलं की पुढे दुकानात कोणी "साधारण किती वाजता मिळतील कपडे?" असं विचारलं तरी त्यांना त्या 'साधारण'चा राग यायला लागला. तेवीस वर्षांत त्यांनी एक दिवस चुकवला नाही. बाळंतपणं वही हाती येण्याआधीच उरकली होती, ही त्यातल्या त्यात सोय. सासऱ्यांच्या वह्यांमध्ये नोंद राहून गेल्याच्या अकरा आडव्या रेघा होत्या. मावशींच्या वह्यांत एकही नव्हती. हे त्या कोणाला सांगत नसत, पण विषय निघावा अशी व्यवस्था मात्र करत.

एका बाबतीत सासरे पुढे होते. थंडीच्या तोंडावरच्या या महिन्यातला सर्वांत उष्ण दिवस त्यांच्या नावावर होता. बत्तीस पॉइंट सहा. आकड्याखाली लाल पेन्सिलीच्या दोन रेघा आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं: हा मोडणार नाही.

यंदाच्या त्या महिन्यात पानं गळाली, पण उकाडा जाईना. मावशींना ते पारा बघण्याआधी काउंटरवर कळलं. या दिवसांत ट्रंकेतल्या लोकरी कपड्यांची रीघ लागते. यंदा पहिल्या आठवड्यात अकरा कोट धुऊन, कव्हरात घालून टांगले आणि ते तसेच टांगलेले राहिले. न्यायला एक माणूस येईना. त्यातल्या एकाने फोन केला तो कोटासाठी नव्हे, पंख्याचं कव्हर धुऊन मिळेल का म्हणून.

रोज पाचची नोंद झाली की खाली काउंटरपाशी मंडळ जमायचं. मंडळ म्हणजे तिघंजण. निवृत्त बसचालक ड्रायव्हरसाहेब, ज्यांनी तीस वर्षं समोरच्या काचेतून आभाळ पाहिलं होतं आणि रस्ता त्या मानाने कमी पाहिला होता, असं त्यांची बायको म्हणे. पलीकडच्या शाळेतल्या भूगोलबाई, ज्यांना आपलं पुस्तक आणि आपली खिडकी यांचा मेळ बसत नाही याचं मनापासून दुःख होतं. आणि मावशींचे धाकटे दीर. भावजींना हवामानात काडीचा रस नव्हता, पण इस्त्री सोडून जाता येत नसल्याने ते मंडळाचे सक्तीचे सभासद होते.

"पहाटे दारात उभा होतो," ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "तर कोणीतरी तोंडावर श्वास सोडावा तसा वारा. गरम. बायको म्हणाली, आत या, आजारी पडाल. म्हटलं, कशाने? घामाने?"

"शाळेच्या कुंपणावरच्या झुडपाला कळ्या आल्यात," भूगोलबाई म्हणाल्या. "पानं गेली, काड्या राहिल्या आणि त्या काड्यांना कळ्या. मुलं विचारतात, बाई, हा कोणता ऋतू? काय सांगू?"

"सांगा सुट्टी आहे," भावजी इस्त्री दाबत म्हणाले. "ऋतूला."

"आणि कालची वीज पाहिलीत?" ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "तासभर लवत होती. आवाज नाही, थेंब नाही. ढगाच्या आतल्या आत कोणीतरी दिवा घेऊन काही शोधत फिरावं तशी."

यावर भावजींचीसुद्धा इस्त्री उचललेली राहिली. त्या दिवसांत असं वरचेवर व्हायचं. बोलता बोलता कोणीतरी एखादी गोष्ट सांगे, आणि मग तिच्यापुढे बोलण्यासारखं काही उरत नसे.

अठरा तारखेला पारा बत्तीस पॉइंट एकवर गेला. त्या संध्याकाळी मावशींनी जुनी वही काढून काउंटरवर ठेवली. लाल रेघांचं पान उघडं.

"अजून पाच दशांश," भूगोलबाई म्हणाल्या.

"बाबा वरून बघत असतील," भावजी म्हणाले. "आणि पारा दाबून धरत असतील."

त्या रात्री नवऱ्याने मावशींना "झोप लागत नाही का?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी उकाड्याचं कारण सांगितलं. ते तसं खरंही होतं.

एकोणीस तारखेला दुपारीच गच्चीचा कठडा हात लावू देईना. हॉटेलच्या चाळीस पांढऱ्या चादरी सकाळी अकराला दोरीवर टाकल्या, त्या बाराला कडक वाळल्या. पण भावजींना काढायला सवड झाली नाही. पाचला दहा मिनिटं कमी असताना सगळं मंडळ वर आलं. असा दिवस प्रत्यक्ष पाहायलाच हवा, असं ठरलं होतं. ड्रायव्हरसाहेब जिना चढून धापा टाकत होते. भूगोलबाईंनी शाळेतून निघताना खोटं कारण दिलं होतं, आणि ते काय दिलं हे त्या सांगत नव्हत्या.

वारा पडलेला. चादरी सरळ खाली लोंबत होत्या, एकीलाही सुरकुती नाही. उजेड पिवळा, जुन्या कागदासारखा. रस्त्यावरचे आवाज येत होते, पण आपल्याशी संबंध नसल्यासारखे.

पाच वाजले. मावशींनी कानावरची पेन्सिल चाचपली, वही काखेत धरली आणि पेटीचं दार उघडलं. मान वाकवून डोळा पाऱ्याच्या पातळीत आणला. बत्तीसची रेघ दिसली. पारा तिच्या पुढे गेलेला होता.

"ते बघा," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. आवाज त्यांचा वाटेना.

मावशींनी मान वर केली.

गावाच्या पलीकडून ढग येत होता. येत होता म्हणजे गुंडाळत येत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांबलचक वळकटी, खालून काळी, वरून दुधी, स्वतःभोवती सावकाश फिरणारी. आयुष्यभर चादरी पिळलेल्या बाईला पहिल्यांदा वाटलं ते हेच, की कोणीतरी क्षितिजाएवढी ओली चादर दोन्ही हातांनी पिळत आणतं आहे, आणि त्या माणसाला कसलीही घाई नाही. तिच्या मागे आभाळ हिरवं होतं. हिरवं. मावशींनी तेवीस वर्षं ढगांच्या रकान्यात बरेच शब्द लिहिले होते, त्यांत हा रंग कधी आला नव्हता. वळकटीच्या पोटाखाली पक्ष्यांचा एक थवा होता आणि तो पंख न हलवता वर वर उचलला जात होता, जिन्यावरून कोणी कडेवर घेऊन चढावं तसा.

मग गार वारा आला. तो येण्याच्या एका क्षणात दोरीवरच्या चाळीसच्या चाळीस चादरी एकदम उठल्या आणि आडव्या झाल्या. फडफड नाही, काही नाही. चाळीस पांढरी पानं, सगळी एका दिशेला, त्या हिरव्या उजेडात ताठ ताणलेली.

"आई गं," भूगोलबाई म्हणाल्या. भूगोलात याला वेगळा शब्द आहे. तो त्यांना त्या वेळी आठवला नाही.

मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांना कळत नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की आपण फार लहान आहोत आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काहीच नाही. मान वर, तोंड उघडं. आणि उजवा हात, ज्याला तेवीस वर्षांची सवय होती, ज्याला वर बघायची गरज नव्हती, तो पेटीत गेला, त्याने नळी बाहेर काढली आणि मनगटाचे तीन झटके दिले.

एक. दोन. तीन.

मग चिमटे सुटले, चादरी सुटल्या, पाऊस आडवा आला आणि भावजी ओरडले, "वहिनी, हॉटेलचा माल!" पुढची वीस मिनिटं चौघंही चादरींच्या मागे धावत होते. तीन शेजारच्या टाकीवर सापडल्या, एक रस्त्यावर रिक्षाला गुंडाळून बसली होती. सगळ्या चिखलाने भरलेल्या.

खाली आल्यावर मावशींनी वही पुसली, उघडली, पेन्सिल टेकवली. आणि तशाच राहिल्या.

"काय झालं?" भूगोलबाई म्हणाल्या. "किती होता?"

"मी झटकला."

"मग?"

"लिहिला नाही."

बाहेर पन्हळ धो धो गळत होती.

"तुम्ही वाचला तर होतात ना?"

"बत्तीसची रेघ पाहिली. पारा तिच्या पुढे होता. किती पुढे..." मावशींनी डोळे मिटले. डोळ्यांपुढे पारा येईना, ढगच येत होता. वाचायचं काम डोळ्यांचं होतं, पण लक्षात ठेवायचं काम तेवीस वर्षं पेन्सिलीकडे होतं. "तुम्ही सगळे तिथेच होतात. कोणी पाहिला?"

हवामानाचे चार जाणकार एकमेकांकडे बघत राहिले. पेटीपासून चार हातांवर उभे असताना मंडळातल्या तिघांपैकी एकानेही पेटीत पाहिलं नव्हतं.

"मी ढग बघत होतो," ड्रायव्हरसाहेब अपराधी आवाजात म्हणाले. मग जरा धीर करून, "बत्तीस पॉइंट सात लिहा की. एका दशांशाने काय आभाळ कोसळणार आहे? जे कोसळायचं ते कोसळून झालं."

"लिहा वहिनी," भावजी म्हणाले. "बाबांच्या नाकावर टिच्चून. कोण विचारणार आहे?"

विचारणाऱ्याचा फोन साडेसहाला आला. खात्यातले कारकून होते. त्यांचा आवाज एरवी झोपेतून आल्यासारखा असे, आज तो जागा होता. "मावशी, विमानतळाकडे वादळ आधीच पोचलं, तिथलं यंत्र दुपारी वीज पडून बंद झालंय. आख्ख्या भागात कमाल तापमान आता फक्त तुमच्याकडे. विक्रमच असणार बघा! सांगा आकडा."

मावशींनी लाल रेघांच्या पानाकडे पाहिलं. मग आपल्या पानाकडे. आठ हजारांवर आकडे, एकाखाली एक. त्यातला एकही त्यांनी आठवून लिहिलेला नव्हता. ड्रायव्हरसाहेब दोन्ही हातांची मिळून सात बोटं करून दाखवत होते. त्यासाठी त्यांना हातातली पिशवी खाली ठेवावी लागली होती.

"आकडा नाही," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"लिहायच्या आधी झटकला. रेघ मारते मी."

"मावशी, तेवीस वर्षांत तुमची रेघ नाही."

"माहीत आहे मला."

"अंदाजे तरी..."

"अंदाजे नाही सांगणार."

कारकुनांनी उसासा टाकला. कागद चाळल्याचा आवाज आला. "मग कारण द्यावं लागेल. यादी ठरलेली आहे. एक, उपकरणदोष. दोन, निरीक्षक आजारी. तीन, निरीक्षक मयत."

"माझं उपकरण अगदी ठीक आहे," मावशी तडकून म्हणाल्या. "आणि मयत नाही मी. लिहा, आकाशाकडे बघत होते."

"तसं कारण नाही यादीत."

"हवामान खातं आहे ना तुमचं?"

"आहे, पण..." कारकून घुटमळले. मग त्यांचा आवाज खाली आला. "मावशी, इथून फक्त भिंत दिसते. कसा होता हो ढग?"

मावशींनी सांगायला सुरुवात केली. वळकटी सांगितली, हिरवा रंग सांगितला, पक्षी सांगितले. चादरींपाशी आल्यावर त्यांनी फोन पुढे केला. भूगोलबाईंनी फोन घेतला आणि पुढचं त्यांनी सांगितलं.

फोन ठेवल्यावर मावशींनी पट्टी घेतली आणि एकोणीस तारखेच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. सरळ, नीट. मग त्यांनी पदर खोचला आणि चिखलाचा ढीग टाकीकडे ओढला. हॉटेलला माल सकाळी सातला हवा होता.

महिनाअखेरीस खात्याचा छापील गोषवारा आला. केंद्र क्रमांक एकशे सत्तेचाळीस. दिनांक एकोणीस. कमाल तापमान: अनुपलब्ध. कारण: दोन, निरीक्षक आजारी.

त्या दिवशी मावशींनी चाळीस चादरी दोनदा धुतल्या होत्या.