आडव्या नळ्यांचा खोका

मुरुम गावी माझ्या मामांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता. इमारत त्याआधीच्या कापसाच्या जिनिंगची. पत्र्याखालच्या तुळयांना जुना कापूस चिकटलेला असे आणि पंखा लावला की कापूस डोक्यांवर पडून सगळे कामगार एकदम म्हातारे दिसत. मागच्या महिन्यात मामांनी तिथं मंगल कार्यालय केलं. पुठ्ठे चिकटवायची खळ शिजवायची चूल होती तिथंच आता नवरा-नवरी उभे करतात. चिकटवाचिकटवीची जागा तेवढी बदलली नाही.

उद्घाटनाच्या पंगतीत मी अर्ध्या जेवणातून उठलो. त्या चुलीवर खळ शिजवणाऱ्या, कामावरच्या मावशींना तिथून मी उठवलं होतं.

पुठ्ठ्याच्या पोटात बारीक नळ्या असतात. खोक्यात त्या उभ्या आल्या तर भार पेलतात, आडव्या आल्या तर खोका बसतो. काही वर्षांपूर्वी द्राक्षांच्या हंगामात मी, मालकाचा भाचा आणि नवा सुपरवायझर, हुशारी केली. तक्ता फिरवून कापला, म्हणजे एका तक्त्यात एक खोका जास्त निघतो. ट्रकमध्ये थप्पी लागली आणि द्राक्षांचा रस रस्त्यावर आला. मामांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "खळ पातळ होती." मावशी खळीत घालायच्या मोरचुदानं निळे झालेले हात पदराला पुसत उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाती झाडू आला.

त्यानंतर मी उपास केले, देवाला नारळ फोडले. सगळं केलं, एक कबुली सोडून. शेवटी परवा त्यांच्या घरी गेलो. मावशी बाजेवर शेंगा फोडत होत्या.

"मावशी, तेव्हा खळ चांगली होती. तक्ता मी उलटा कापला."

"व्हय. ठावं हाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आंधळ्याला बी हात लावून कळंल. त्यातला एक आणलाय की." त्यांनी बाजेखाली बोट दाखवलं. चेपलेल्या खोक्यात कोंबडी बसली होती. "द्राक्षं न्हाय, पण कोंबडी झ्याक बसती."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"मालकाचे भाचे तुमी. माझं कोण ऐकणार?"

मला रडू फुटलं.

"हळू रडा, अंड्यावरून उठंल ती. आन् मला कशाला सांगताव? माझ्या सुनंला सांगा."

कारण या घरात मावशींच्या हातचं काहीही बिघडलं की सून म्हणायची, "आत्या, पुन्हा तुमची खळ झाली." कारखाना बंद पडला, तरी हे बोलणं चालूच होतं. मी, पन्नाशीचा, टक्कल पडलेला माणूस, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सुनेनं पळी हातात धरून ऐकलं.

"असं व्हय?" ती म्हणाली. "मग आता जेवूनच जावा. आज पिठलं आत्यांनी केलंय."

ताटात पिठलं आलं आणि थेट भाकरीखाली शिरलं.

"खरं सांगा," सून म्हणाली, "पातळ हाय का न्हाय?"

मावशी शेंगा सोडून माझ्याकडं बघत होत्या. आता खोटं बोलायची सोय नव्हती.

"पातळ आहे," मी म्हणालो. "पण चूक माझीच असणार."

"बगितलंस?" मावशी सुनेला म्हणाल्या. "लिहून घे."