नवमीला गप्प बसलेला स्विच

माझी बायको म्हणते, मी देवळात गेलो तरी आधी चपलांकडे बघतो आणि मग देवाकडे. खोटं नाही. पण नेटवर्क सांभाळणाऱ्यानं संशयी नसावं असं ज्याला वाटतं, त्यानं हे काम एकदा करून पाहावं. दिवा हिरवा आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं मानणाऱ्याचं आमच्या धंद्यात हसंच होतं.

आमची कंपनी कापडाची. कारखाना अमरावतीजवळ नांदगाव पेठेला, आणि कापूस खरेदीचं ऑफिस अकोल्याच्या जुन्या शहरात. अकोल्याची मशीनं, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारे स्विच, माझ्याकडे. इथला स्विच आणि तिथला स्विच एकमेकांची ओळख ठेवतात आणि माहिती कोणत्या वाटेनं न्यायची ते आपसात बोलून ठरवतात. या बोलण्याच्या रीतीला रूटिंग प्रोटोकॉल म्हणतात. ती रीत प्रत्येक स्विचला पढवायची, हे माझं काम. काळ्या पडद्यावर एकेक ओळ टाइप करायची, चुकलं तर शिव्या खायच्या. मला ते काम आवडायचं.

मग नवे स्विच आले, क्लाउडवरून चालणारे. म्हणजे स्विच ठेवलेल्या कपाटाशी जायचंच नाही, वेबसाइटवर बसून सगळ्यांना हुकूम सोडायचे. त्यांच्यामागून नांदगाव पेठेला एक इंजिनिअर मुलगी आली. शेंदूरजनाघाटची, घरी संत्र्याची बाग. तिनं एक प्रोग्रॅम लिहिला. तो सगळ्या स्विचना हाक मारायचा, जे ओ देतील त्यांचा नकाशा करायचा आणि त्या नकाशावरून प्रत्येकाची सेटिंग आपोआप पाठवून द्यायचा. साहेब खूश झाले. तिच्यादेखतच मला म्हणाले, "दसऱ्याला खरेदीचा मुहूर्त सुरळीत पार पडू द्या. मग अकोल्यातली तुमची जागा बंद करू. तुम्ही इकडे या."

इकडे या म्हणायला काय जातं? जुन्या शहरात माझ्या बायकोचं फुलांचं दुकान आहे, तिच्या माहेरच्या मळ्यातल्या फुलांवर उभं केलेलं. गिऱ्हाईक काही गाठोड्यात बांधून नेता येत नाही. "मी कुठी नाई येत," तिनं सांगून टाकलं, "तुमी जा आन् तुमचं मशीन बी न्या." मी घाबरलो. आणि मी घाबरलो की संशय घेतो, ही माझी जुनी खोड.

मुलगी गोड बोलायची. एकदा पिशवीभर संत्री घेऊन आली. "काकाजी, घरची हायेत." मी एकालाही हात लावला नाही. बायकोनं सगळी संपवली आणि वर चांगली होती म्हणाली. मुलगी सारखं काही तरी विचारायची, "काकाजी, ही ओळ काहून टाकली?" मी अर्धंच सांगायचो. सगळं विचारून घेईल आणि मग मला वाटेला लावील, असा माझा हिशेब होता. कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी बायकोला रोज ऐकवायचो.

खंडेनवमीला आमच्याकडे कामाच्या हत्याराला हात लावत नाहीत. नांगर असो, वजनकाटा असो, त्याची पूजा करायची आणि त्याला दिवसभर विसावा द्यायचा. मी दरवर्षीसारखा स्विच बंद केला, पुसला, हळदकुंकू लावलं, बायकोच्या दुकानातला झेंडूचा हार घातला आणि घरी गेलो.

दसऱ्याच्या सकाळी चालू केला. दिवा हिरवा. वेबसाइटवरही हिरवा. पहिली गाडी आली, नारळ फुटला, कापूस काट्यावर चढला आणि वजनाचा आकडा काही नांदगाव पेठेला पोचेना. लगेच साहेबांचा फोन.

"परवापर्यंत ठीक होतं. जागा जाणार म्हणून हे चाललंय का?"

गाडीवाले, हमाल, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. माझं डोकं फिरलं. सगळ्या चाव्या तिच्या हातात, बंद तिनंच पाडलं असणार आणि खापर माझ्या डोक्यावर! "मी काही केलं नाही," मी ओरडलो, "त्या मुलीला विचारा, तिनं मुद्दाम केलंय."

दुपारी ती कंपनीच्या गाडीनं अकोल्याला आली. कपाट उघडलं, हार बघितला आणि थबकली.

"काकाजी, हे काल बंद होतं?"

"नवमीले कोन चालू ठेवते?"

ती कापसाच्या गाठोड्यावर बसली. "मी बी लॅपटॉप देवापुढं ठेवला होता. म्हून तं क्लाउडवरच्या प्रोग्रॅमले नवमीची वेळ लावून देल्ली. आपला हात बी लागला नाई पाह्यजे आन् काम बी झालं पाह्यजे."

तिच्या प्रोग्रॅमनं नवमीला हाक मारली होती. अकोल्यानं ओ दिली नाही, तेव्हा असा स्विचच नाही असं समजून त्यानं अकोल्याकडची वाट दोन्ही टोकांनी पुसून टाकली. सकाळी माझा स्विच उठला, इंटरनेटवरून क्लाउडला रामराम घालून, तिथली नवी सेटिंग घेऊन हिरवा झाला, पण नांदगाव पेठ कोण हे त्याला माहीत नव्हतं आणि नांदगाव पेठेलाही तो माहीत नव्हता.

तिनं वाट पुन्हा जोडली. वजनं जाऊ लागली. आता ही साहेबांना काय सांगते, म्हणून मी दाराशीच उभा राहिलो. स्विच काकाजींनी बंद केला होता, एवढं म्हणाली असती तरी माझा निकाल लागला असता, आणि ते खोटंही नव्हतं.

"सर, चूक माझी आहे," ती फोनवर म्हणाली. "बंद असलेला स्विच आणि काढून टाकलेला स्विच वेगळा, हे मी प्रोग्रॅममध्ये घातलंच नव्हतं. आता कोणी ओ दिली नाही तर तो थांबेल आणि तिथल्या माणसाला विचारेल. अकोल्याला माणूस ठेवावा लागेल, सर."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. ती नुसतं "हो सर" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर मी विचारलं, तेव्हा कळलं की दिवाळीत तिला कायम करणार होते, ते लांबलं. माझी जागा राहिली.

एवढं झाल्यावरही मला राहवेना. "काहून केलं वं बाई हे? मी तं सायबाले तुहंच नाव सांगतलं होतं."

"मले मालूम हाय. गाडीत बसाच्या पयलेच सायबानं सांगतलं."

"मंग?"

"मंग काय? चूक माहीच होती ना."

दसऱ्याला धाकट्यांनी मोठ्यांना आपट्याचं पान द्यायचं, सोनं म्हणून, आणि पाया पडायचं. टेबलावर पानांचा ढीग होता. तिनं त्यातलं एक उचलून माझ्या हातात ठेवलं आणि ती वाकली. मी पाय मागे घेतले.