खालचा बोल्ट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. नऊ वर्षं झाली. तुम्हाला सांगतोय, कारण उद्या सकाळी दहाला शेख सर दुकानात येणार आहेत, आणि त्याआधी हे एकदा तोंडातून निघायला हवं — नाहीतर ऐन वेळी मी पुन्हा शेपूट घालीन.

स्वारगेटजवळ माझं दुचाकीच्या सामानाचं दुकान आहे. आरसे, सीट कव्हर, इंजिनापुढे बसवायचे लोखंडी क्रॅश गार्ड. रोज कोणीतरी विचारतंच — गार्डने खरंच पाय वाचतो का हो? मी तोंड उघडत नाही. दाराशी टांगलेल्या वाकड्या गार्डकडे नुसतं बोट दाखवतो. गिऱ्हाईक काय समजायचं ते समजतं आणि गार्ड बसवून जातं.

तो गार्ड शेख सरांच्या गाडीचा. सर कात्रजचे, शाळेत चित्रकला शिकवायचे. जीभ तिखट. तुमच्या दुकानात सगळं चकचकीत आहे, फक्त तुम्ही सोडून, असं तोंडावर म्हणणारे. रस्त्यावरच्या खडीवरून त्यांची गाडी घसरली आणि उजवी नडगी मोडली. आत सळई आहे. पाय अजून नीट दुमडत नाही. नमाज खुर्चीवर बसून पढतात.

हॉस्पिटलात भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी काही विचारायच्या आत मीच म्हणालो, "सर, गार्ड होता म्हणून पाय राहिला." त्यांनी माझा हात घट्ट धरला. तेव्हापासून दर ईदला शीरखुर्म्याचा डबा घरी येतो. बायको आवडीने खाते. मी म्हणतो, पोट बिघडलंय. नऊ वर्षं — आणि बरोबर ईदलाच!

आता खरं काय ते ऐका. गार्ड चांगला असेल, नीट बसवलेला असेल, तर हळू वेगात गाडी आडवी झाल्यावर टाकी वाचते, इंजिन वाचतं, बऱ्याचदा पायही वाचतो. मोटारीने उडवलं तर मात्र कसला गार्ड अन् कसलं काय. पण सर हळूच चालले होते. असा पडलेला माणूस कपडे झटकून उठतो. मग नडगी का मोडली?

कारण — गार्ड बसवला तो दसऱ्याचा दिवस होता. दुकानासमोर गाड्यांची रांग, प्रत्येकाला मुहूर्तावरच गार्ड हवा. सरांच्या गाडीला वरचे दोन बोल्ट बसले, खालचं भोक काही जुळेना. गार्ड दुसऱ्या मॉडेलचा होता — मला ठाऊक होतं. पट्टी कापून जुळवायला अर्धा तास गेला असता. मी खालचा बोल्ट लावलाच नाही. सरांनी विचारलं, पक्कं आहे ना? मी म्हणालो, हत्ती लटकवा. नारळ फोडला आणि पुढची गाडी घेतली.

गाडी पडली तेव्हा खालून मोकळा असलेला गार्ड फिरला आणि त्यांच्याच नडगीवर बसला. दुरुस्तीला गाडी माझ्याकडे आली, तेव्हा पाहिलं — त्या भोकाभोवतीचा रंगसुद्धा उडाला नव्हता. मी काय केलं? गार्ड उतरवला आणि ते भोक भिंतीकडे करून दाराशी टांगला. नुसता गप्प बसलो असतो तर एक वेळ — पण मी दर दसऱ्याला त्याला हळदीकुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो. लाज कशी वाटली नाही मला?

काल सरांचा फोन आला. मुलगी कोथरूडला नोकरीला लागली, तिने मोटारसायकल घेतली. "अहो, माझ्या गाडीला बसवला होतात ना," म्हणाले, "अगदी तसाच हिच्या गाडीला बसवा."

हो म्हणालो. फोन ठेवला. दुकानाचं नाव जाईल, याची भीती वाटते — वाटते, खोटं कशाला बोलू?

आज दुपारी तो गार्ड उतरवला. वाळका हार काढला, कुंकू पुसलं. काउंटरवर ठेवलाय, भोक वर करून. सर आले की आधी खुर्ची देईन. मग ते भोक दाखवून सांगेन — इथे बोल्ट नव्हता, आणि मला ते माहीत होतं. मुलगी सोबत असेल. तिच्यासमोरच सांगेन.